तान्ह्या पोळ्यातली सुपरकार

भिलाईत सुपेल्याच्या चौकाजवळ ताडपत्रीवर मातीचे बैल मांडलेले दिसले, की मला एकदम भूक लागते आणि हसू येतं. भुकेचं कारण सोपं आहे. पोळा आला म्हणजे आमच्या क्वार्टरच्या शेजारच्या धनेश्वरीबाई ठेठरी-खुरमीचा, म्हणजे छत्तीसगढी तिखट-गोड फराळाचा, डबा पाठवायच्या आणि आई त्याच डब्यातून पुरणपोळ्या परत पाठवायची. रिकामा डबा कोणी कोणाला द्यायचा नाही, या चढाओढीत दोघींच्या घरातलं तेल संपायचं. हसण्याचं कारण मात्र जरा सावकाश सांगावं लागेल.

काल त्या ताडपत्रीपुढे माझा मुलगा ओजस उभा राहिला. वय वर्षं नऊ. घरी मराठी, दाराबाहेर हिंदी. बैल उलटेपालटे करून त्यानं विचारलं, "आंटी, इसमें कार नहीं है क्या?" विकणारी बाई हसली. "बइला के तिहार म कार कहाँ ले आही बाबू?" म्हणाली. बैलांच्या सणात गाडी कुठून येणार, हा तिचा प्रश्न रास्तच होता. पण ती येते. मी स्वतः ती ओढली आहे.

विदर्भातून भिलाईला आलेली आमची माणसं येताना काय काय विसरली असतील, पण तान्हा पोळा विसरली नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा पोरांचा सण. चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत मैदानावर न्यायचे, आंब्याच्या पानांचं तोरण, झडत्या, म्हणजे पोळ्याची चुरचुरीत गाणी, म्हणायच्या, बक्षीस, खाऊ. आमच्या सेक्टरातले निम्मे बैल बाबांच्या हातचे. बाबा पोलादाच्या प्लांटातल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये होते. लोखंडी प्लेटवर खुणा करायच्या आणि त्या खुणेवर गॅसच्या कटरनं कापायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या बैलांना बॉल बेअरिंगची चाकं असायची. एका वर्षी असा एक बैल उतारावर सुटला आणि थेट बोरकर काकांच्या पायावरून गेला. बोरकर काका म्हणजे टाइम ऑफिसातले क्लार्क आणि आमच्या पोळा मंडळाचे सेक्रेटरी. पाय धरून खाली बसलेल्या बोरकर काकांना बाबांनी पहिलं काय विचारलं असेल, तर, "बैलाले तं नाही लागलं?"

तर असा माणूस निवृत्तीला वर्षभर उरलेलं असताना स्कूटर दुरुस्तीला घेऊन सुपेल्यातल्या रफीक मिस्त्रीकडे गेला आणि तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यानं ती गाडी पाहिली. जमिनीला टेकलेली, पसरट, इंजिन मागे, आणि दारं पंखांसारखी वर उघडलेली. बाबा स्कूटर विसरले. "ऐसी कितनी होंगी?" त्यांनी विचारलं. "गिनी-चुनी, साहब. इसीलिए तो सुपरकार है," रफीक मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी बाबा घरी आले ते वेगळेच. चहा समोर, आणि नजर भिंतीतून आरपार.

"थ्या गाड्या जगात मोजक्या हायेत," ते आईला म्हणाले. "आपण बनवली तं एकच राहीन. मंग जास्त दुर्मिळ कोणती झाली?"

"आपल्या गल्लीत नारळाचं झाडबी एकच हाय," आई म्हणाली. "त्याले कोणी पाहाले येत नाही."

हा तिचा विरोध. तो तिथेच सुरू झाला आणि तिथेच संपला, कारण आईला ठाऊक होतं की लग्न करून तिला तुमसरहून आणताना बाबांनी एक शब्द दिला होता. तेव्हा ती पॅसेंजरच्या डब्यात दाराजवळ स्वतःच्या ट्रंकेवर बसून आली होती. "एक दिवस तुले माह्या सोताच्या गाडीत बसवतो," असं बाबा गोंदिया स्टेशनवर म्हणाले होते. ते तिच्या लक्षात होतं. बाबांच्याही होतं, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

फॅब्रिकेशन शॉपची एक पद्धत आहे. कागदावरचं चित्र आधी जमिनीवर खडूनं काढायचं, खरं जेवढं तेवढं, आणि मग प्लेटला हात लावायचा. बाबांनी मागच्या आंगणात पूर्ण गाडी खडूनं काढली. पुढून, बाजूनं आणि वरून, अशा तीन गाड्या एकमेकींवर. आंगण झाडायचं नाही, सडा टाकायचा नाही, असा हुकूम सुटला. आई रोज सकाळी बॉनेटवरून चालत तुळशीला पाणी घालायला जायची आणि येताना डिकीवरून यायची. धनेश्वरीबाई कुंपणावरून विचारायच्या, "दीदी, गाड़ी कब रेंगही?" गाडी कधी चालणार? आई म्हणायची, "पैले उठू तं द्या."

मग नमुना झाला. मोठ्या कंपन्या म्हणे गाडीचा नमुना खास मातीचा करतात. आमच्याकडे तो कणकेचा झाला. चपात्यांसाठी मळलेला गोळा आई शोधत राहिली आणि तो सापडला तेव्हा त्याला चार चाकं होती. गाडीवरून हवा कशी वाहते ते पाहायला बाबांनी खस काढलेला जुना कूलर पुढे ठेवला, देवघरातल्या उदबत्त्या लावल्या आणि पंखा सुरू केला. धूर कणकेच्या टपावरून सुरेख घसरत गेला आणि समोर पाहायला बसलेल्या बोरकर काकांच्या नाकात शिरला. त्यांना शिंकांवर शिंका. बाबांनी वहीत लिहिलं, ‘हवा सरळ जाते.’ दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार नेलं.

आज मला वाटतं, बाबांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तोच असावा. पस्तीस वर्षं ते दुसऱ्यांनी काढलेल्या रेषांवर कापत आले होते. ही पहिली रेष त्यांची होती. पण हे शहाणपण आताचं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि कॉलेजच्या मैत्रिणींना मी सांगितलं होतं, की आमच्या आंगणात पाण्याची टाकी बनते आहे.

घोडं पेंड खाऊ लागलं ते पत्र्याशी. असल्या गाड्यांचं अंग कार्बनच्या धाग्याचं असतं, असं रफीक मिस्त्रींनी कुठेतरी वाचलं होतं. बाबांनी ते ऐकलं आणि त्यांना त्या परदेशी इंजिनियरांची दया आली. "कोळशाची गाडी?" ते म्हणाले. "आमी कोळसा जाळून लोखंड काढतो. अन् हे लोखंड सोडून कोळसा वापरून राहिले? लोखंड भेटत नसन बिचाऱ्यायले." पातळ पत्रा हा शब्द बाबांच्या तोंडी शिवीसारखा होता. पातळ पत्र्याचा डबा होतो, गाडी होत नाही. सुपेल्याच्या भंगारवाल्याकडून त्यांनी शोधशोधून पाच एमएमची प्लेट आणली. प्लांटाच्या माणसाची आणखी एक खोड म्हणजे, कुठलीही जड वस्तू बनवली की ती उद्या क्रेननं उचलावी लागणार, हे त्याच्या रक्तात असतं. म्हणून त्या सुपरकारला चार कोपऱ्यांवर चार भक्कम हूक आले. रफीक मिस्त्री पाहतच राहिले. "साहब, इसको कौन उठाएगा?" बाबा म्हणाले, "मौका पडने पर काम आता है." रंग क्रेनसारखा पिवळा. मागे हवा दाबायला पंख, कारण वेगात अशी गाडी जमिनीवरून उचलली जाते म्हणे. पुढे आई त्या पंखावर मिरच्या वाळवायची.

गेटमधून गाडी निघणार नाही, अशी पैज गल्लीत लागली होती. लावणाऱ्यांना प्लेटवर खुणा करणारा माणूस माहीत नव्हता. बाबांनी गेट आधी मोजलं होतं आणि गाडी नंतर. दोन्हीकडे दोन-दोन बोटं सोडून ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. चूक तिथे नव्हतीच. चूक होती इंजिनात. ते एका जुन्या छोट्या व्हॅनचं होतं, आणि नाकापेक्षा मोती जड झाला होता.

वजन कळल्याशिवाय पक्क्या स्प्रिंग कोणत्या घालायच्या ते ठरेना, म्हणून एका रविवारी सकाळी मागच्या सपाट रस्त्यानं, रफीक मिस्त्री पुढे स्कूटरवर आणि आम्ही बापलेक गाडीत, असे रखडत-रखडत अहिवाऱ्याकडच्या धरमकाट्यावर, ट्रक तोलतात तिथे, गेलो. चुनखडीच्या ट्रकांची रांग लागलेली. दोन ट्रकांच्या मधे आमची पिवळी गाडी. काट्यावरचा माणूस खिडकीतून आकडा बघायचा, मग गाडी बघायचा, मग पुन्हा आकडा. शेवटी म्हणाला, "भैया, पहले खाली करके लाओ. खाली का वजन अलग होता है."

"खालीच है," बाबा म्हणाले.

त्यानं बाहेर येऊन मागे वाकून पाहिलं. चुनखडी दिसली नाही. मी तेवढी दिसले. त्यानं चिठ्ठी फाडून दिली, बाबांनी ती न बघता खिशात घातली आणि तो आकडा आजपर्यंत घरात कोणाला सांगितलेला नाही.

त्या वर्षी श्रावण संपता संपता ऊन आणि दमट हवा यांनी जीव नकोसा केला होता. अंगाला कपडे चिकटत, दारं फुगून बसत, आणि आमच्या आंगणात दिवसभर वेल्डिंगचा वास. दिवाळीपर्यंत क्वार्टर सोडायचं होतं. उतईकडे घेतलेल्या प्लॉटवर दोन खोल्या उभ्या राहत होत्या. सामानाच्या याद्या होत होत्या आणि प्रत्येक यादीत गाडीपुढे आई प्रश्नचिन्ह काढायची. एका संध्याकाळी बोरकर काका मंडळाची वर्गणी मागायला आले आणि त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवून बसले.

"गाडी म्हणता तं मैदानापर्यंत आणून दाखवा," ते म्हणाले. "नाही तं टाकी म्हणा. तुमची पोट्टी तं तेच सांगून राहिली कालेजात."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच थोडे लहान झाल्यासारखे दिसले. मग म्हणाले, "तान्ह्या पोळ्याले हिच्या मायले बसवून मैदानावर गाडी आणतो. नाही आणली तं माह्या हातानं कटर लावतो. भंगारात घाला मंग."

माझ्या बाबांनी दिलेला शब्द म्हणजे प्लेटवर पंचनं मारलेली खूण. खडूसारखी ती पुसता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यांनाही नसावी.

पोळा झाला, पुरण झालं, ठेठरी-खुरमी झाली आणि दुसरा दिवस उजाडला. बाबांनी गाडीला तोरण बांधलं, हळदीकुंकू लावलं. आई हिरवी साडी नेसून आली. दार वर उघडायचं, पण वर टिकायचं नाही, म्हणून मी बांबूची काठी लावून धरलं आणि आई आत बसली. बसली म्हणजे काय, उतरत गेली. सीट इतकी खाली, की बाहेरून फक्त तिचा अंबाडा आणि अबोलीचा गजरा दिसत होता.

"कसं वाटून राहिलं?" बाबांनी विचारलं.

"विहिरीत बसल्यावानी," आई म्हणाली. पण हसत होती.

इंजिन सुरू झालं. गाडी निघाली. खरंच निघाली. धनेश्वरीबाईंनी ओवाळलं, आणि बैल घेऊन निघालेली पोरं बाजूनं चालू लागली. गाडीच्या पुढे निघून जाऊ नये म्हणून पोरंच मधूनमधून थांबत होती. मी मागून चालत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हणत होते, माझ्या बाबांची गाडी, माझ्या बाबांची गाडी. मैदान समोर दिसत होतं. मधे फक्त कोपऱ्यावरचा ब्रेकर होता.

हा ब्रेकर तिथे कसा आला, ते सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी पोरं तिथून मोटारसायकली दामटायची म्हणून टाउनशिपच्या ऑफिसात अर्ज गेला होता. ‘उंच व मजबूत गतिरोधक त्वरित बसवावा.’ अर्ज लिहिणारे बोरकर काका. पहिली सही बाबांची.

पुढची चाकं चढली आणि उतरली. मग त्या पाच एमएमच्या पोटाखालून एक आवाज आला, जेवण झाल्यावर म्हातारी माणसं बसताना काढतात तसा, आणि सुपरकार ब्रेकरवर बसली. कॅलेंडरातल्या चित्रावरून बाबांनी गाडी जमिनीपासून चारच बोटं वर ठेवली होती. मागची चाकं फिरू लागली, क्लच जळल्याचा वास सुटला आणि इंजिन गप्प झालं ते झालंच.

बाबा उतरले. वाकून पाहिलं. मग फार हळू आवाजात म्हणाले, "तू जराशी उतरतं का? तेवढंच वजन कमी होईन."

"वजन माहं हाय का तुमच्या पलेटीचं?" आतून आवाज आला. "मी नाही उतरत. तुमी मले बसवून मैदानावर नेतो म्हणले होते."

"इंजन बंद हाय. कशी नेऊ?"

"आज सण कायचा हाय?" आई म्हणाली. "बैल काय इंजनावर चालून राहिले? वढा."

मग बोरकर काकांनी, हो, बोरकर काकांनीच, खांद्यावरचा दुपट्टा कमरेला बांधला. कोणी खाटेचा नायलॉनचा दोर आणला, पोरांनी आपल्या बैलांच्या दोऱ्या सोडल्या. बांधायचं कशाला, हा प्रश्न आलाच नाही. ज्या हुकांना सगळं सुपेला हसलं होतं, ते पुढेच होते, मनगटाएवढे. मी दोर धरला. कॉलेजातली माझी मैत्रीण रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं विचारलं, "ये वही टंकी है क्या?" मी म्हटलं, "नहीं. सुपरकार है. पकड." तिनंही धरला.

ओढताना बोरकर काकांनी झडती म्हटली. तिथल्या तिथे रचलेली.

"चाक रे चाक, चाकामागं चाक,
पलेट अशी जाड का इंजन झालं राख!
दार जाये आभाळाले, पोट टेके भुईले,
वढा रे पोट्टेहो, जोर लावा दोरीले!"

महादेवाच्या गजरात गाडी ब्रेकरवरून खरडत उतरली आणि पंचवीस-तीस माणसांच्या मागे, पिवळी, तोरण लावलेली, मैदानात शिरली. आई आतून हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत होती. दिसत फक्त हातच होते. उत्कृष्ट सजावटीचं बक्षीस म्हणून मंडळानं स्टीलचा डबा दिला. आईनं तो मांडीवर घेतला. बाबा हसले नाहीत. त्यांना वाटलं, सगळ्यांनी मिळून त्यांची कीव केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कटर घेऊन आंगणात आले. सिलिंडर लावलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. मला रडू फुटलं. मी सरळ सांगितलं, "बाबा, नका ना. मी टाकी म्हणाली, मले माफ करा." ते म्हणाले, "तुह्यावर राग नाही, बाई. शब्द शब्द असते." आणि गाडीकडे वळले.

गाडीत आई बसली होती. मांडीवर सूप, सुपात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा. ती शांतपणे शेंगा मोडत होती.

"बाहेर ये," बाबा म्हणाले.

"कावून?"

"कापाची हाय. चालली नाही ना."

"कोण म्हणते चालली नाही?" आईनं शेंगेचा दोरा काढून बाहेर टाकला. "मी घरून बसली अन् मैदानात उतरली. तुमीच बसवलं, तुमीच उतरवलं. मधात कोणं वढली, ते कावून पाहता? माह्या बापाच्या घरची बैलगाडी तीस वर्षं वढूनच चालली. तिले कोणी भंगारात नाही घातली."

आईनं सूप संपवलं, दुसरं मागवलं. कुंपणावरून धनेश्वरीबाईंनी चहा दिला, तोही तिनं तिथेच घेतला. दुपारपर्यंत बाबांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि ब्रेकरनं खरडलेल्या पोटाला रंग लावत होते.

दिवाळीआधी उतईला सामान हलवलं, तेव्हा हायड्रा क्रेन आली. ऑपरेटरनं चार हूक पाहिले आणि म्हणाला, "वाह, किसने बनाया? कोई समझदार आदमी है." दोन मिनिटांत गाडी हवेत. बाबांनी मदतीला आलेल्या रफीक मिस्त्रींकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही.

ती आज उतईच्या आंगणात आहे. इंजिन कधीचंच काढून टाकलं. जागा झाली तिथे आई कांदे ठेवते. तिचे गुडघे आता दुखतात, मैदानापर्यंत पायी होत नाही. पण दर तान्ह्या पोळ्याला ती हिरवी साडी नेसून गाडीत बसते आणि आम्ही ती गावातल्या मैदानापर्यंत ओढत नेतो. पूर्वी तीस माणसं असत. मग मुलं पुण्याला गेली, बंगळूरला गेली. गेल्या वर्षी अकरा होतो आणि वाटेत दोनदा बसलो.

काल सुपेल्याहून ओजसला घेऊन तिकडेच गेलो. त्याच्या हातात मातीचा बैल, नजर गाडीवर. बाबा हुकांना तेल देत होते. वय पंचाहत्तर, हात अजून स्थिर.

"आजोबा, हिची टॉप स्पीड किती आहे?" त्यानं विचारलं.

बाबांनी प्रश्न नीट ऐकून घेतला. कोणी तरी शेवटी कामाचं विचारलं होतं. कापडाला हात पुसत ते म्हणाले, "थे वढणाऱ्यायवर हाय, बाबू. माणसं किती येतेत, तेवढी."

ओजसनं बैल ओट्यावर ठेवला आणि दोराचं टोक हातात घेऊन पाहिलं. मी फोन काढला. पहिला बोरकर काकांना लावला.